व्रतांच्या आधीची वर्षं

"नन होते म्हणालीस, तेव्हा मी ब्र काढला नाही. पण हे काय?" कणकेत रुतलेले हात तसेच ठेवून वडिलांनी विचारलं. "ना लग्न, ना मठ. लोकांना सांगू काय मी?"

धाकटी समोरचं पीठ चाळत राहिली. बेकरीवाल्याचं हे शेंडेफळ बाळंतपणाचं काम शिकून नर्स झालं होतं, आणि लहानपणापासून तिला धर्मभगिनीही व्हायचं होतं. पण त्या काळी चर्चचा नियम होता, व्रतं घेतलेल्या बाईनं बाळंतपण करायचं नाही. दोन्हीपैकी एक सोड, असं तिला सगळ्यांनी समजावून झालं होतं. डॉक्टरबाई तेवढ्या तसं म्हणाल्या नाहीत.

डॉक्टरबाई पन्नाशीला टेकलेल्या, बोलायला तुटक. बंदरामागच्या वस्तीत बाया परक्या पुरुषाचा हात अंगाला लागू देत नसत. डॉक्टर दारात उभा आणि आत बाई गेलेली, असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा घरांत जाणाऱ्या धर्मभगिनींचा एक संघ उभा करायचा, पुढे जिथून बोलावणं येईल त्या मुलखात जायचं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. नियम बदलेपर्यंत व्रतांशिवाय राहायचं, पण राहायचं व्रतस्थासारखंच.

"परवानगी येईल सावकाश," त्या म्हणाल्या. "कळा थांबत नाहीत."

वडिलांचा रुसवा पाठीवर घेऊनच धाकटी घराबाहेर पडली. वस्तीत खोगीर शिवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या. तिथं थोरली आधीच येऊन राहिली होती, एक विधवा. नवऱ्याच्या औषधांच्या दुकानात तिची हयात गेली होती. स्वयंपाक, औषधं, हत्यारं उकळणं सगळं तिच्याकडे. देवाला दिलेला शब्द सगळ्यांसमोर उभं राहून द्यायचा, एवढी एकच हौस तिला उरली होती. व्रतांची वाक्यं तिला तोंडपाठ होती, भांडी घासताना ती पुटपुटत असायची.

सुरुवातीला वस्तीनं त्यांना घरपट्टीवाल्या समजून दारं लावून घेतली. मग एका दुपारी जाळी विणणारा धापा टाकत जिना चढून आला. मूल पायाळू होतं आणि बायकोनं दोन दिवस सोसलं होतं. डॉक्टरबाई आणि धाकटी कामाला लागल्या. बाईला टेकायला काही नव्हतं, म्हणून थोरली तिच्यामागे गुडघ्यांवर बसली आणि मूल रडेपर्यंत तिची पाठ झाली. नंतर थोरलीलाच धरून उठवावं लागलं. तेव्हा बाळंतीण हसली, आणि दाराबाहेरच्या शेजारणीही. त्यानंतर जिन्याला उसंत मिळाली नाही. प्रार्थना अर्धी व्हायची, उरलेली रस्त्यानं चालता चालता.

काही वर्षांनी बिशप स्वतः आले. भला माणूस. त्या एकुलत्या बऱ्या खुर्चीवर अवघडून बसत त्यांनी सांगितलं, की बाळंतपणं सोडून बाकी आजार बघाल तर येत्या ईस्टरलाच व्रतं देतो. संघाला नाव मिळेल, मुली येतील. डॉक्टरबाईंनी दोघींकडे पाहिलं. मी एकटी ठरवणार नाही, म्हणाल्या. धाकटीनं थोरलीकडे पाहिलं, कारण व्रतांची खरी भूक तिलाच होती.

थोरलीनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "फादर, खालच्या गल्लीत एकीचे दिवस भरत आलेत. तिला मी येते म्हणून सांगितलंय."

बिशप निघून गेले. त्या संध्याकाळी भांडी घासताना थोरली काहीच पुटपुटली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत विषमज्वराची साथ आली. घरोघर औषध पोचवणाऱ्या थोरलीलाही तिनं गाठलं. ती गेली तेव्हा प्रश्न उभा राहिला, हिला पुरायचं कुठं. धर्मभगिनींच्या दफनभूमीत व्रतांशिवाय घेईनात, आणि माहेर-सासरचं ना कुणी उरलं होतं, ना दफनाची जागा. चर्चच्या पायरीवर डॉक्टरबाई पहिल्यांदाच हतबल दिसल्या.

गर्दीतून धाकटीचे वडील पुढे आले. अंगात बेकरीतलाच सदरा होता.

"आमच्या जागेत ठेवा," ते म्हणाले. "माझ्या आईशेजारी. घरचंच माणूस आहे."

धाकटीला तोपर्यंत रडू आलं नव्हतं.

परवानगी आली ती त्यानंतर बऱ्याच काळानं. खुद्द रोमनं नियम बदलला. त्याआधीच नवीन मुली येऊ लागल्या होत्या, आणि एक तुकडी समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात जायची ठरत होती. व्रतांच्या सकाळी चर्च वस्तीतल्या बायकांनी भरलं. प्रत्येकीच्या कडेवर कुणी ना कुणी, त्यामुळे गलका काही थांबेना. वडील पहिल्या बाकावर, कानामागे हात धरून.

संघात आल्याच्या क्रमानं उभं राहायचं होतं. डॉक्टरबाई आधी गेल्या, काठी टेकत. त्यांच्यानंतर एका माणसाची जागा सोडून धाकटी उभी राहिली. तिच्यापलीकडे नवीन मुली, खांद्याला खांदा लावून.

बिशपांनी बोटांनी खूण केली, जवळ सरका. दोघीही हलल्या नाहीत. बिशपांनी त्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं, हातातलं पुस्तक क्षणभर मिटलं. मग पुन्हा उघडून त्यांनी डॉक्टरबाईंना व्रतं दिली, दोन पावलं चालून मध्ये थांबले, मान लववली आणि धाकटीसमोर आले.