तेजरामची घरची बोली

शैला रायपूरला एम.डी. झाली तेव्हा भिलाईत, तिच्या घराच्या सेक्टर दोनमध्ये, पेढे वाटले गेले. पण पुढे मेंदूविकार शिकायला ती चंदीगडला निघाली, तेव्हा तिथल्या पोलाद कारखान्यात क्लार्क असलेले तिचे वडील देवराव बुचकळ्यात पडले. "मेंदूचीच डॉक्टर कावून होतं बाई? लकव्याले औषध तरी हाय काय?"

औषध फारसं नव्हतंच. म्हणूनच राउंडवरचे मोठे डॉक्टर लकव्याच्या पेशंटपाशी थांबत नसत, आणि तेच शैलाच्या मनाला लागलं होतं. चंदीगडच्या सरांनी नोकरी देऊ केली, तरी शिक्षण संपवून ती भिलाईलाच परतली आणि कारखान्याच्या हॉस्पिटलात लागली.

तेजराम हा तिच्या सुरुवातीच्या पेशंटांपैकी एक. कारखान्यातल्या रेल मिलमधला, म्हणजे रेल्वेचे रूळ बनतात तिथला, क्रेन ऑपरेटर, मूळचा भंडाऱ्याकडचा. उजवं अंग गेलेलं, वाचाही जवळपास गेलेली. हॉस्पिटलात सगळा कारभार हिंदीत, तसं तिनेही हिंदीत विचारलं, "आपका नाम? आँखें बंद कीजिए." प्रत्येक प्रश्नाला तो नुसतं "हां" म्हणत होता. डोळे मात्र उघडेच.

"कुछ समझते नहीं अब," त्याचा मुलगा केवलराम पडेल आवाजात म्हणाला. शैलालाही तसंच वाटू लागलं होतं. मग सहज वळून तिने तेजरामच्या बायकोला विचारलं, "सिंधुताई, सकाळपासून यांनी काही खाल्लं काय?"

उत्तर कॉटवरून आलं. "नाई."

शैला चमकली. त्याच्याजवळ वाकून म्हणाली, "भाऊ, डोळे मिटा बरं."

तेजरामने डोळे मिटले. सिंधुताई पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

हिंदी तो मोठेपणी मिलमध्ये शिकला होता. आजारात ती मागे पडली होती आणि आईकडून आलेली बोली थोडीफार शाबूत होती. शैलाने ते समजावून सांगितलं आणि केवलरामला म्हणाली, "घरी त्यांच्याशी मराठीतच बोला. रोज."

तो ओशाळला. "मॅडम, समजती मले. बोलता नाही येत."

"मग दोघंही सोबतच शिका."

तेव्हापासून कोणाही लकव्याच्या पेशंटला तपासण्याआधी ती घरच्यांना विचारू लागली की घरात कोणती भाषा बोलता. तेलुगू निघाली की वॉर्डातल्या तेलुगू सिस्टरला हाक जाई. छत्तीसगढी ती स्वतःच शिकली. लकव्याच्या पेशंटांसाठी तिने वेगळा वॉर्ड मागितला. तो मिळायला बरीच वर्षं गेली.

तेजराम पुन्हा क्रेनवर चढला नाही. उजव्या हातात जोर आला नाही. कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. एका रविवारी शैला सेक्टर दहातल्या त्याच्या क्वार्टरवर गेली, तेव्हा केवलराम बापासमोर बसून अडखळत सांगत होता, "बाबा, आज मी बाजारात गेलो होता..."

"होतो," तेजराम म्हणाला.

केवलराम हसला. सिंधुताईंनी चहा आणला; शैलानेच साखर बंद केलेली, म्हणून तेजरामचा बिनसाखरेचा. तेजरामने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाला, "साखर... टाक... ना व."

"पाहा!" सिंधुताई म्हणाल्या. "डाक्टरबाईच्या समोर मांगून राहिले!"

शैलाने डब्यातली चिमूटभर साखर स्वतःच त्याच्या कपात टाकली.