कुणी उठायचं नाही

मी सतरंजी बोलतेय. पायाखालच्यानं गप्प राहावं म्हणतात, पण आज राहवत नाही.

कर्जाच्या गटातल्या बायकांनी चिंध्या गोळा करून विणकराला दिल्या, तशी मी जन्माला आले. सावकाराच्या उंबऱ्यावर नाक घासणाऱ्या बायका माझ्यावर ऐटीत मांडी घालून बसायला लागल्या. कंपनीचं कर्ज एकीला, जामीन साऱ्या. शिवणवालीनं मशीन घेतलं, कोंबडीवालीनं पिल्लं. "आता नवरा आधी मला विचारतो, मग भाजी आणतो," असं कुणी म्हटलं की हसून हसून माझे दोरे उसवायचे. खोटं कशाला बोलू, त्या कर्जानं चुली पेटल्या.

पण नियम एक. साऱ्यांचा हप्ता जमेपर्यंत माझ्यावरून कुणी उठायचं नाही.

कोंबडीवालीच्या कोंबड्या रोगानं गेल्या. दोनदा बाकीच्यांनी तिचं भरलं. आज कुणाच्याच पदराला गाठ नाही. ती पैशांसाठी दारोदार फिरतेय आणि बाकीच्या सकाळपासून बसून आहेत. त्यात शिवणवाली ओली बाळंतीण. बाळ घरी, सासूजवळ.

"भाऊ, लेकरू उपाशी आहे हो. पाजून येते."

"ताई, नियम माझा नाही," कंपनीचा हप्तेवाला मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

"नियमाला आई नसते वाटतं!" म्हातारी सुईण खेकसली.

शिवणवालीचं दूध पदरातून गळून माझ्यावर पडलं. बायकांचा घाम मी पुष्कळ प्यायले. हे कसं पिऊ?

कोंबडीवाली आली ती रिकाम्या हातानं. "खुराडंसुद्धा कुणी घेईना गं."

"तुझ्या कोंबड्या मेल्या, म्हणून माझं पोर मारतेस का?" शिवणवाली किंचाळली.

एका ताटात जेवणाऱ्या मैत्रिणी ह्या! कोंबडीवाली तशीच पळत गेली, बाळाला पदराखाली घेऊन आली, मैत्रिणीच्या मांडीवर ठेवलं. मग तीही बसली, पार कडेला, अर्धी मातीत.

बाळ पितंय. बाकीचं काहीच हललेलं नाही. हप्तेवाला गाडीला टेकून उभा आहे, उजेड सरत चाललाय, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही.

मला पाय असते तर ह्यांच्या खालून केव्हाच निघून गेले असते. बायांनो, तुम्ही एवढ्या जणी, तो एकटा. हात धरा एकमेकींचा आणि उठा गं. मी कुणाला धरून ठेवलेलं नाही.