नावं वाचणारी बाई

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. आमचे मालक म्हंत्यात, सविताच्या नाकावर माशी सुदीक बसत न्हाई. नसू दे! माझ्यासकट अकरा बायांची टोळी घेऊन लोकांच्या वावरात कांदा लावायचा म्हंजी गोडगोड बोलून भागत न्हाई. रोप कमी पडलं तरी बोल आमालाच, आन् वाफा वाकडा गेला तरी बोल आमालाच.

आमच्या न्हावऱ्यात दिवाळी सरली की कांद्याची लागण सुरू व्हती. दीड-दोन महिने आमची कंबार वाकलेलीच. तवा दुपारी बारा ते साडेबारा आमचा रेडिओ चालायचा. 'बांधावरची दुपार' म्हणून सरकारी केंद्रावरचा कार्यक्रम. त्यातल्या अनुपमाबाई दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या. एकोणीस वर्षं डेमू गाडीनं केंद्रावर जाऊन-येऊन बोलत्यात, पन अजून कायम न्हाईत. गाणी लावायच्या, रोपाला काय फवारायचं ते सांगायच्या आन् शेवटी नावं वाचायच्या. कुठल्या गावात, कुणाच्या वावरात, कोण कोण बाया लागणीला हायेत, त्यांची नावं. सकाळी मी फोन करून कळवायची.

तुमाला वाटंल, त्यात काय एवढं? सांगते. गावात माझं नाव कोन घेतो? मी पाटलाच्या वाड्यामागची, न्हाईतर पोराची आई. आमच्या नकुशीला तर तिची सासू नुसतं "ए" म्हंती. रेडिओत मातर "नकुशीताई" यायचं. ताई! पयल्यांदा ऐकलं तवा पोरीनं रोपाची जुडी तशीच हातात धरून ठेवली व्हती.

आन् बाई निस्ती नावं वाचत न्हवत्या. वावराच्या मालकानं कसं वागवलं ते बी सांगायच्या. एकदा म्हनल्या, "रोहिदासआप्पांच्या वावरात आज पिण्याचं पाणी गढूळ होतं." झालं! रोहिदासआप्पा म्हंजी आमचे माजी सरपंच. सगळ्या तालुक्यात बोंब झाली. दुसऱ्या दिशी आप्पा सोता पान्याचा थंडगार जार घेऊन बांधावर हजर.

तर एका मंगळवारी अनुपमाबाईचा आवाज बसलेला. म्हनल्या, "सरकारनं केंद्राचा निधी कमी केलाय. एक तारखेपासून आपला कार्यक्रम बंद होईल. त्या वेळेला दिल्लीहून कार्यक्रम लागेल."

झुंबरबाई आमच्यात सगळ्यात थोरली, सत्तरीची. ती उभीच राह्यली. "दिल्लीवाल्याला काय ठावं, मी कुठल्या वाफ्यात हाय ते?"

मी तिथनंच बाईंना फोन लावला. "बाई, तुमचं कसं व्हायाचं?"

"माझं होईल हो, सविताताई. दौंडात शिकवण्या घेईन. पण तुमची नावं कोण वाचणार?"

माजं टाळकंच सरकलं. सांजच्याला पारावर गेले. तिथं पाच-सहा बापय मोबाईल घासत बसल्याले. एक म्हनला, "आता रेडिओ कोन ऐकतंय? समदं मोबाईलवर हाय की!" मी म्हनलं, "मग त्या मोबाईलला सांग, माझ्या बायकूचं नाव घे म्हनावं. तू तर कवा घेतलं न्हाईस." समदे हसाया लागले, त्यानं मोबाईल खिशात घातला.

मला वाटलं व्हतं, आप्पा खूश आसतील. पान्याचा जार वाचला की! पन आप्पाच पुढं आलं. "सविता, न्हावऱ्याचं नाव रेडिओवर येतं, ते बंद पडू द्यायचं न्हाई. निवेदन देऊ." आप्पांचा सोभाव तसा. निवेदन, मोर्चा, सत्कार म्हनलं की त्यांच्या अंगात येतं. आठ दिसात केंद्राला दोनशेबारा पोस्टकार्डं गेली. आंधळगावच्या, निर्वीच्या बायांनी बी धाडली. आन् खरंच केंद्राकडनं उलट टपाल आलं. साहेब शुक्रवारी येणार, बारा ते साडेबारा गावात बसून किती लोक ऐकत्यात ते डोळ्यांनी बघणार, आन् त्यावर अहवाल देणार.

मी म्हनलं, सोपं हाय. सायबाला वावरात आणायचं. पन आप्पांनी कपाळाला हात लावला. "अगं, सरकारी मानूस येतोय! त्याला चिखलात न्हेतीस व्हय? सत्कार नको?"

आता आमच्याकडं सत्कार म्हंजी काय, ते भायेरच्याला कळायचं न्हाई. गावात कुत्रं मोजाया सरकारी मानूस आला तरी आधी फेटा, शाल, नारळ. शाळंम्होरं मांडव पडला. आप्पांनी घराघरातनं चौदा रेडिओ गोळा केले. माळ्यावरचे, ट्रंकेतले, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यातला. टेबलावर वळीनं मांडले, हळदकुंकू वाह्यलं, झेंडूचे हार घातले. मला म्हनले, "तू बायांच्या वतीनं दोन शब्द बोल."

माझी टोळी त्या दिशी गावातल्याच पप्पू बागायतदाराच्या वावरात. रोप उपटल्यालं, ते काय सत्कारासाठी थांबतंय? बाया कामावर गेल्या, मी एकटी इस्तरीचं लुगडं नेसून मांडवात.

साहेब दौंडला उतरून जीपनं आले. साडेअकराला. बारीक चष्म्याचे, शांत मानूस. फेटा बांधला, शाल घातली, नारळ मांडीवर दिला. मग आप्पा उठले. भाषण वढूच्या समाधीपासनं निघालं, चासकमानच्या कालव्यात उतरलं, तिथनं दुधाच्या संघात गेलं. बारा वाजले. मी खुनवलं, "आप्पा, रेडिओ!" त्यांनी हातानंच बस म्हनलं. सव्वाबारा झाले, आप्पा आजून साखर कारखान्यावर. मागनं एकजन एका रेडिओचं बटण फिरवाया गेला, तर माईकवाला वरडला, "हात लावू नगा, खरखर व्हती!"

बारा वीसला साहेबच उभे राह्यले. "मी बारापासून वीस मिनिटं वाट बघतोय," ते म्हनले, "आणि तुमच्या गावात एकही रेडिओ लागला नाही."

आप्पांनी झटक्यात म्होरल्या रेडिओचं बटण पिरगाळलं. काय न्हाई. दुसऱ्याचं पिरगाळलं. काय न्हाई. चौदातल्या एकात बी सेल न्हवते! हार आणाया मानूस शिरूरला धाडला, सेल आणाया कुणाच्या डोसक्यात आलं न्हाई. साहेबांनी वही काढली आन् लिवलं. मी जवळच व्हते, वाचलं. ऐकणारे: शून्य.

आप्पांचा चेहरा कसा झाला म्हनून सांगू! मांडव घातलेला मानूस मांडवाच्या खांबाला टेकला. मला त्यांची दया आली, आन् दयेपक्षा राग जास्त आला. आमा अकरा बायांना शून्य?

"साहेब," मी म्हनलं, "उठा. स्कूटीवर बसा."

"अहो, वेळ संपत आली."

"आजून आठ मिन्टं हायेत. तुमी वेळेचे पक्के, मग सगळी वेळ बघा की!"

कसं कोण जाने, पन बसले. डोक्याला फेटा, एका हातात नारळ, दुसऱ्या हातानं माझी शीट घट्ट धरल्याली. पप्पूचं वावर दोन मिन्टांवर. बांधावर बांबूला आमचा रेडिओ टांगल्याला, आन् दहा बाया वाकल्याल्या. एकीनं बी वर बघितलं न्हाई. साहेब म्होरं आले, तसं झुंबरबाईनं मान न उचलताच दम भरला, "ओ फेटेवाले! वाफ्यात पाय घालू नगा. आन् गप ऱ्हावा जरा, बाई बोलतीया."

साहेब बांधावर जागच्या जागी थांबले.

रेडिओतनं अनुपमाबाई म्हनत व्हत्या, "न्हावरे, पप्पूदादांचं वावर. झुंबरबाई..."

"हाय!" झुंबरबाई वाफ्यातनं वरडली.

"सरूबाई..."

"हाय वो!"

ही आमची जुनी खोड. बाईंना ऐकू जात न्हाई हे काय आमाला कळत न्हाई व्हय? पन कुनी नाव घेतलं तर वो द्याया नको? बाई एक नाव घ्यायच्या, वावरातनं एक वो जायची. माझं नाव आलं तवा मी बी साहेबांच्या कानाशीच वरडले, त्ये दचकले. शेवटी "नकुशीताई" आलं, आन् ती पोर जी एरवी तोंडातल्या तोंडात बोलती, ती असली खणखणीत वरडली की पलीकडच्या वावरातले बगळे उडाले.

साहेबांनी वही काढली, शून्य खोडलं. "मी मोजत होतो," ते म्हनले. "अकरा. रोजचं असंच असतं?"

"रोजचं," झुंबरबाई म्हनली. "तुमी मांडवात हुडकत बसला, त्याला आमी काय करावं?"

साहेब मोठ्यानं हसले. पन जाताना साफ सांगून गेले, "माझ्या हातात पैसे नाहीत. मी फक्त खरं लिहू शकतो." मला त्यो मानूस आवडला.

एक तारखेला आमी बाराच्या आधीच कंबार सरळ करून उभ्या. रेडिओ खरखरला, आन् अनुपमाबाईंचा आवाज आला! आमी नाचायच्या बाकी राह्यलो. पन कार्यक्रम निम्मा केल्याला, पंधराच मिन्टं. फवारणीचं दोन वाक्यात झालं, लगेच नावं लागली. पुरंदरपासून श्रीगोंद्यापतोर, धापा टाकत, एक बी न गाळता. आन् संपलं.

मी फोन लावला. "बाई, आज गाणं एक बी न्हाई?"

"पंधरा मिनिटांत गाणी आणि नावं दोन्ही बसेनात, सविताताई," त्या म्हनल्या. "तुम्ही रागावलात का?"

मी फोन बायांच्या म्होरं धरला. झुंबरबाईनं लुगड्याला हात पुसले, फोन घेतला आन् तोंडाजवळ धरून वरडली, "आगं बाई, गाणं आमचं आमी म्हनू. नाव काय आपलं आपुनच घ्यायचं आसतं व्हय?"