चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं, आणि त्या धुलाईखात्यात एक नणंद आणि एक भावजय एकाच चादरीची दोन टोकं धरून दिवसभर उभ्या असायच्या. एकमेकींशी एक अक्षरही न बोलता.

अबोल्याचं कारण आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं भावजयीनं केलं. त्या गेल्या, घर नातेवाइकांनी भरलं, आणि नणंदबाई भर बैठकीत म्हणाल्या, "केलं हो वहिनींनी सगळं, नाही असं नाही. पण त्यांचा हात मेला जरा सावकाशच चालतो." झालं! तो 'सावकाश' भावजयीच्या डोक्यात असा जाऊन बसला, की ती झोपेत कूससुद्धा झटक्यात बदलू लागली. नवरा दोनदा खाटेवरून खाली पडला.

पुढे त्याच नवऱ्याची नोकरी सुटली, आणि शेजारच्या मावशीनं भावजयीला आपल्याबरोबर धुलाईखात्यात चिकटवून दिलं. पहिल्या दिवशी घडी घालायला जाऊन उभी राहते, तर समोर चादरीच्या दुसऱ्या टोकाला वन्सं!

काम तसं सरळ. मावशी ओल्या चादरी तापलेल्या रुळात सरकवायची. रूळ म्हणजे आडवा पडलेला, वाफा सोडणारा, पोटात आग असलेला राक्षसच. पलीकडून चादर कडक होऊन बाहेर पडली, की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, झटकायची, लांबीत दुमडायची, आणि मग एकीनं चालत जाऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. इथंच घोडं पेंड खायचं. चालत कुणी जायचं?

वन्संच्या कपाळावर लिहिलेलं असायचं : मी मोठी, मी का येऊ? भावजयीच्या कपाळावर : मी आले तर म्हणाल, आली सावकाश. शेवटी दोघीही एकदम धावायच्या, मधोमध भिडायच्या, एकमेकींच्या हातातून कोपरे हिसकायच्या, आणि पुढची चादर रुळातून तोंड बाहेर काढते न काढते तोच तिचे कान धरलेले असायचे.

त्यांच्या झटक्यांचा वारा असा सुटायचा, की धुलाईखात्यातले पंखे बंद करून ठेवले होते. एकदा खिडकीतून आत आलेलं कबूतर चादरीबरोबर घडी होऊन गेलं. वर बाळंतिणीच्या खाटेवर ती चादर उलगडली तेव्हा ते बाहेर आलं, पंख झटकले आणि निघून गेलं. म्हणतात, त्याच्या पंखांना पुढे कधी सुरकुती पडली नाही.

अशात खात्याला नवे साहेब आले. त्यांना टाळ्या वाजवायची खोड होती. कुणी शिंकलं तरी 'वा!' म्हणून टाळी. बायकांनी त्यांचं नाव टाळीसाहेब ठेवलं. टाळीसाहेबांनी या जोडीची घडी पाहिली आणि इतक्या टाळ्या वाजवल्या, की तळवे लाल झाले.

"याला म्हणतात टीमवर्क! काय हा समन्वय! काय हे नातं!"

भिंतीवर दोघींचा फोटो लागला. फोटोत वन्संचा हात जरा पुढे दिसत होता, म्हणून दुसऱ्या दिवशी भावजयीनं आणखी जोर केला. ते वन्संना दिसलं, त्यांनी त्याहून जोर केला. संध्याकाळी जो गठ्ठा झाला, तेवढा सगळ्यांनी रोज उपसायचा, असा हुकूम सुटला. कपडे धुणाऱ्यांनी तेवढे धुवायचे, पिळणाऱ्यांनी तेवढे पिळायचे, मावशीनं तेवढे रुळात घालायचे.

खात्यातल्या बायकांनी डबा खाताना या दोघींकडे पाठ फिरवली. धुलाई यंत्रावरची लंबी तर तोंडावरच म्हणाली, "भांडण तुमच्या घरातलं आणि हाडं आमची मोडतात. लाज नाही वाटत?"

"जमत नसेल तर तसं सांग साहेबांना," भावजय फणकारली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणापेक्षा तरी भरभर होती, आणि तिला ते सोडायचं नव्हतं.

वातावरण बिघडलंय हे टाळीसाहेबांच्याही कानावर गेलं. त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि एकमेकींचे हात धरायला लावले. वन्सं आणि भावजय नेमक्या शेजारी आल्या. दोघींनी मध्ये एक उशीचा अभ्रा धरला, पण हाताला हात लावला नाही. साहेबांनी डोळे मिटून सगळ्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. मावशीला घेता आला नाही. तिला धाप लागली होती.

त्यानंतर लवकरच ते झालं. दोघी चादरी अशा ओढत होत्या, की रूळ रिकामा राहू नये म्हणून मावशी धावत होती. तिची बाही रुळाच्या तोंडात गेली. लंबीनं धावत येऊन लाल दांडा ओढला, रूळ थांबला, पण तोवर मावशीचा तळहात भाजला होता. ती ओरडली नाही. पाण्याच्या बादलीत हात बुडवून ती भावजयीकडे बघत राहिली.

"तुला मी इथं आणलं ते पोट भरायला," ती म्हणाली. "माझे हात भाजायला नाही."

भावजयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग कुणावर, हे मात्र कळेना. आधी ती वन्संवर गेली. हे सगळं यांच्यामुळे! तिनं वळून पाहिलं, तर वन्सं तिच्याकडे अगदी त्याच डोळ्यांनी बघत होत्या. आरशात बघावं तसं. तिला स्वतःची किळस आली, आणि त्यामुळे आणखी राग आला.

तेवढ्यात टाळीसाहेब आले. "यंत्र का थांबलं? अरेरे. मलम लावा, मलम लावा. पण एक लक्षात घ्या, गठ्ठा खाली येता कामा नये! होत नाही म्हणूच नका, या दोघी करून दाखवतात ना रोज?" असं म्हणत ते दोघींच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि हात पसरले. "यांच्याकडे बघा! हे प्रेम आहे, प्रेम!"

थांबलेल्या रुळातून एक चादर अर्धी बाहेर लोंबत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी खूणही केली नाही. चादर ओढली, झटकली, दुमडली, दोघी मधोमध धावल्या, आणि साहेब घडी झाले.

घडी फार सुबक होती. कॉलर आत, बूट आत, फक्त डोकं बाहेर. लंबीनं त्यांना उचलून गठ्ठ्यावर ठेवलं.

"अहो, काय हे! केवढं गरम आहे!"

"ही गार झालेली आहे, साहेब," वन्सं म्हणाल्या. "ताजी यायचीय अजून."

"आणि ऐका," भावजय पुढे झाली. "ते टीमवर्क नव्हतं. प्रेम तर नव्हतंच नव्हतं. ते आमचं भांडण होतं! मला या बाईच्या पुढे जायचं होतं आणि या बाईला माझ्या. त्यातल्या निम्म्या चादरी तिरप्या व्हायच्या, वरून परत यायच्या आणि आम्ही त्या गुपचूप पुन्हा ओल्या करून मावशीकडे ढकलायचो. आमचं भांडण उचलून तुम्ही सगळ्या खात्याच्या मानगुटीवर बसवलंत. आणि मी बसवू दिलं. फोटो लागला ना माझा!"

 वन्संनीही ते खोडून काढलं नाही.

गठ्ठ्यावरून साहेबांनी बारीक आवाजात विचारलं, "मग रोजचं किती व्हायचं?"

उत्तर मावशीनं दिलं. बादलीतून हातही न काढता. "बोलता बोलता होईल तेवढं. रुळाशी उभं राहून शेजारणीशी धड बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, की समजायचं वेग चुकला."

साहेबांनी मान हलवली. हलवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. मग बायकांनी त्यांना चादरीतून उलगडलं. झाला प्रकार त्यांनी वरच्या मजल्यावर कधी सांगितला नाही. सांगणार तरी काय होते?

मावशीला मलमपट्टी करून स्टुलावर बसवलं. रुळाशी लंबी उभी राहिली. पहिली चादर बाहेर आली, दोघींनी धरली, झटकली, दुमडली. आणि सगळं खातं बघू लागलं.

आता धावायचं नव्हतं. चालत कुणीतरी जायचं होतं, तेही हळू, आणि वन्संच्या डोळ्यांदेखत. ज्या एका शब्दासाठी भावजय इतके दिवस जीव काढत होती, तो आता स्वतःच्या पायांनी खरा करून दाखवायचा होता. तिनं मावशीच्या पट्टीकडे पाहिलं आणि निघाली. एक पाऊल. मग दुसरं. वाफेनं घामाघूम झालेल्या बायकांच्या नजरेतून ती सबंध वाट चालून गेली आणि तिनं आपले कोपरे वन्संच्या हातात ठेवले.

वन्संना राहवलं थोडंच! "हात सावकाशच चालतो हो तुमचा, वहिनी."



"चालतो!" भावजय कडाडली. "सावकाशच चालतो! आईंची कूस मी सावकाशच बदलायचे. झटकून बदलायला ती चादर नव्हती, माणूस होतं! तुम्ही आला असतात कधी, तर बघितलं असतंत."

पुढची चादर आली. दुमडून झाली, आणि वन्सं कोपरे धरून तिच्याकडे चालत आल्या. चांगल्याच हळू.

"मला रजा देत नव्हते तेव्हा," त्या म्हणाल्या. "इथंच होते मी. तुम्हाला काय, बोलायला सोपं आहे."

"सोपं? भर बैठकीत बोललात ते सोपं नव्हतं वाटतं?"

"कोपरा नीट धरा."

"धरलाय! तुमचाच तिरका आहे."

तर असा त्यांचा अबोला संपला आणि खरं भांडण सुरू झालं. सासूबाईंच्या औषधांपासून ते लग्नातल्या मानपानापर्यंत साचलेलं सगळं निघालं, एकेका चादरीबरोबर, घडीवर घडी. वरून तिरपी म्हणून एकही चादर परत आली नाही. संध्याकाळी टाळीसाहेब गठ्ठे बघायला आले, टाळीसाठी हात उचलले, दोघींनी चादर झटकली, आणि साहेबांनी हात खिशात घातले.

दिवस कलताना विषय सासूबाईंच्या पेटीतल्या लोकरी शालीवर आला. आवाज चढले, पावलं भरभर पडू लागली, खिडकीची झडप वाऱ्यानं आपटली.

"अगं ए," स्टुलावरून मावशी ओरडली, "हळू भांडा! चादरी पळायला लागल्यात."