कुलूप असलं की शेजारचं घर

“ही वस्ती यादीतून गेली,” रंगनाथ सर म्हणाले आणि पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवून मोकळे झाले. “बघ सत्यशीला, इथल्या बायकांचं रक्त जिल्ह्याच्या सरासरीला येऊन टेकलंय. फिरत्या दवाखान्याची गाडी इथं पाठवायचं कारण उरलं नाही.”

तो ठिपका पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका वस्तीचा होता आणि ती सत्यशीलाची वस्ती होती. जिथल्या बायकांच्या डोळ्याची पापणी खाली ओढली की आत पांढरंफटक दिसतं, ती वस्ती म्हणे सरासरीला! सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सरांशी भांडायचं कोणत्या तोंडानं? तो ठिपका तिनंच काढला होता.

शहरात, सावेडीतल्या आरोग्य संशोधन संस्थेत ती सरांच्या हाताखाली आकडेवारीचं काम करायची. थोडक्या माहितीवरून अंदाज बांधणारं बेझियन मॉडेल सरांनीच तिला शिकायला बसवलं होतं. आधी डोकं पार पिकलं, मग हळूहळू गोडी लागली. वस्ती गावात, गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात, अशी ती उतरंड. लहान वस्तीत मोजक्याच बायकांचं रक्त तपासलं असेल, तर सगळा भार तेवढ्यांवर टाकायचा नाही. आजूबाजूच्या वस्त्यांचाही आधार घ्यायचा. नव्या सुनेची एक भाकरी करपली म्हणून लगेच तिला नावं ठेवू नयेत, त्या घरच्या बाकीच्या सुनांना कसं जमतं तेही बघावं, तसलंच काहीतरी. लहानाला एकटं न सोडणारं हे गणित तिला फार न्यायाचं वाटलं होतं. मग यानंच आपल्या माणसांचा गळा कसा कापला?

मॉडेलला शिव्या घालण्याआधी तिनं पुंजारामला फोन लावला. वस्त्यांवर जाऊन रक्त तपासायचं काम त्याच्याकडं होतं.

“म्याडम, आमी पौषात गेल्तो,” पुंजाराम म्हणाला. “वस्तीत मानूस हाय कुठं तवा? समदी ऊसतोडीला गेल्याली. दाराला कुलूप, ह्याच्याबी आन् त्याच्याबी.”

“मग रक्त कुणाचं घेतलं?”

“नियम हाय की आपला. कुलूप असलं की शेजारचं घर. खालच्या मळ्यातल्या बायकांचं घेतलं. लई चांगली मानसं. चा पाजला आमाला.”

सत्यशीलानं फोन ठेवला. नियम काही चुकीचा नव्हता हो, सावेडीच्या फ्लॅटला अगदी शोभेसा होता! तिथं कुलूप म्हणजे बाई भाजी आणायला गेलेली. वस्तीवरचं कुलूप दिवाळीला लागतं ते गुढीपाडव्याच्या आसपास निघतं. आणि शेजारचं घर कुणाचं, तर विहीर, गाई आणि दूधदुभतं असलेल्या बागायतदाराचं. उपाशी माणसाचं पोट शेजाऱ्याच्या ढेकरावरून मोजलं होतं या लोकांनी. त्यात बिचाऱ्या मॉडेलचा काय दोष? जे पुढ्यात वाढलं ते त्यानं गिळलं. थोडक्या माणसांना आधार देणं त्याला जमतं. जी माणसं मोजलीच नाहीत, त्यांना ते कुठून शोधणार?

रविवारी तिनं रक्त तपासायचं यंत्र पिशवीत घातलं आणि श्रीरामपूरची एसटी धरली. तिची वहिनी मुक्ताबाई आणि वस्तीतल्या बहुतेक बायका तिकडच्याच एका साखर कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाच्या कोप्या घालून राहिल्या होत्या. गंमत बघा, जिल्हा तोच आणि बायकाही त्याच. फक्त शोधायला कुणी गेलं नव्हतं.

एकेकीचं बोट टोचून ती हिमोग्लोबिनचा आकडा वहीत लिहीत गेली. बारा असायला हवं तिथं आठ, सात. मुक्ताबाईचं तर सातच्याही खाली. सत्यशीलानं बरोबर आणलेल्या गोळ्या वाटल्या आणि वहिनीला सरकारी दवाखाना गाठायला बजावलं.

“दिसाचा खाडा कोन भरंल? मुकादम का?” मुक्ताबाई म्हणाली.

“मग पाडव्याला तरी घरी ऱ्हा वैनी. गाडी येनार हाय आपल्या वस्तीवर. डाक्टर, सुया, समदं दारात.”

बोलून गेली ती. रागाच्या भरात माणूस वचनसुद्धा देऊन बसतं.

सोमवारी तिनं नवे आकडे सरांपुढं ठेवले. सरांनी ते नीट बघितले, हे कबूल करायला हवं. मग चष्मा काढला.

“हे धरता येणार नाहीत. ठरलेल्या पद्धतीत नाहीत. शिवाय घेतलेत श्रीरामपूर तालुक्यात, तुझ्याच नातेवाइकांचे. लोक म्हणतील, मुलीनं स्वतःच्या गावासाठी आकडे फिरवले.”

“नका धरू. पण मग त्या वस्तीपुढं ‘मोजलं नाही’ असं तरी लिहा, सर. मळ्यातल्या बायका म्हणजे ती वस्ती नाही.”

“आणि पैसे देणाऱ्यांनी विचारलं, बाकीच्या वस्त्या तरी कशा मोजल्या? मग?”

म्हणजे साहेबांना सगळं कळत होतं! ती एक वस्ती उघडी पडली तर शेजारच्या दहा उघड्या पडतील, ही त्यांची भीती होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं दळणारा चांगला डोळस होता.

“मग अहवालावरचं माझं नाव काढा,” ती म्हणाली.

सरांनी तिच्यादेखत नाव काढलं. वस्तीचा ठिपका होता तिथंच राहिला.

फोनवर सांगायची तिला लाज वाटली. पुढच्या रविवारी ती पुन्हा तळावर गेली. बायका उसाच्या फडातून नुकत्याच परतल्या होत्या. मुक्ताबाई कोपीच्या तोंडाशी दम खात बसली होती.

“वैनी, गाडी येत न्हाई.”

“का?”

“आपल्या वस्तीतल्या बायांचं रगात चांगलं हाय म्हनं.”

“कुनाचं चांगलं हाय?”

“मळ्यातल्या बायांचं. तेच आपलं म्हनून धरलंय.”

मुक्ताबाईनं डोक्यावरचं फडकं सोडून झटकलं. मग म्हणाली, “रान त्यांचं, हीर त्यांची. आता आमच्या नावावर रगातबी त्यांचंच व्हय?”

सत्यशीलानं पिशवी मांडीवर ओढली. वहिनीनं विचारलं, “मशीन आनलंय का?”

“पिशवीत हाय. पन ते धरनार न्हाईत, वैनी.”

“नगं धरू दे त्यांना. तू मोज. आमी हितं हाय, येवढं तरी कुनीतरी लिव्हून ठिव.”

तिनं हात पुढं केला, डावा. उजव्या हातात उद्या कोयता धरायचा होता. मागं उभ्या असलेल्या बायका लुगड्याला डावा हात पुसत एकेक करून ओळीत बसल्या.