काचेतली साडेचार बोटं

पडद्यावर नकाशा उघडला आणि मोजपट्टीच्या हातातला चहा हातातच राहिला.

"मोजणी चुकली वाटतं," चष्मेवाला म्हणाला. तो विभागात नवा, तिच्या हाताखालचा इंजिनिअर. "परत घेऊ?"

"घे."

परत घेतली. तिसऱ्यांदा घेतली. तेच.

मोजपट्टी हे तिचं नाव नव्हे. आरसे घासायच्या शेडमध्ये सगळे तिला तशीच हाक मारत, कारण आठ मीटर रुंदीच्या त्या आरशावर उंचवटा कुठे आणि खळगा कुठे हे तीच मोजून सांगायची. जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभी राहणार होती, तिला असे सात आरसे हवे होते, आणि हा पाचवा. नकाशात उंच ते लाल, खोल ते निळं. आज, सव्वा महिन्यानंतरच्या पहिल्या मोजणीत, सगळी काच एकसारखी हिरवी होती. फक्त कडेला एक निळा तळहात उमटला होता. अंगठा धरून साडेचार बोटं.

करंगळीशेजारचं बोट अर्धं. हे बोट तिने लहानपणी धरून रस्ते ओलांडले होते.

"तरुणपणी सहाणेनं खाल्लं," तिचे वडील, नाना, सांगायचे. "उरलेलं अर्धं पेन्शनीला देईन." पेन्शनीला दीड वर्ष होतं. सव्वा महिन्यापूर्वी, भर सकाळी, याच काचेवर ओणवे होऊन ते कड तपासत होते, आणि तसेच उठले नाहीत. हृदय. हात काचेवर टेकलेला. मोजपट्टी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली, तिथून घरी, तिथून पुढे. शेडमध्ये मागे काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं.

म्हणजे तिला सांगितलं गेलं होतं. कँटीनमध्ये पाण्याच्या पिंपाच्या वर भिंतीवर चौकट टांगलेली होती: 'आदरांजली म्हणून त्या दिवशी काम पूर्ण बंद ठेवण्यात आले.' मोठे साहेब घरी येऊन आईसमोर हेच बोलले होते. आई येईल त्याला सांगायची, "त्यांच्यासाठी दिवसभर यंत्र बंद ठेवलं हो." एवढ्यावर ती जेवत होती.

आता काचेचं ऐका. हाताची ऊब लागली की ही काच तिथे फुगते. किती? केसाचे हजार उभे काप काढा, त्यातले दोन. तासाभरात निवते, पुन्हा होती तशी होते. म्हणून नानांचा नियम होता: हात लागला की तासभर घासायच्या यंत्राला शिवायचं नाही. फुगलेलं घासलं तर निवल्यावर तिथे खड्डा पडतो, हाताच्या आकाराचा.

म्हणजे नानांना उचललं, आणि त्यांच्या हाताची ऊब काचेत असतानाच कुणीतरी बटण दाबलं.

बटण एकाच माणसाकडे होतं. काकांकडे, नानांच्या धाकट्या भावाकडे.

काका यंत्रापाशी बसून फडक्याने हात पुसत होते. सव्वा महिना ते हातच पुसत होते. तिने नकाशाचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पाहिला, आणि चष्मा काढला.

"साहेब म्हणाले, आता थांबून काय तो परत येणार आहे? आरसा न्यायच्या जहाजाची तारीख ठरलीय. मी म्हटलं, साहेब, काच निवू दे. ते म्हणाले, काच नव्हे, तू निवतोयस. दाब." काका पुन्हा हात पुसू लागले. "त्याच्या चपला खालीच होत्या गं पोरी. यंत्र फिरत होतं आणि मी त्या चपलांकडे बघत होतो."

"किती वेळाने?"

"दहा मिनिटं. नसतीलही."

त्यांच्या तोंडात मारावं असं तिला वाटलं, आणि त्यांच्या कुशीत शिरावं असंही.

मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. माणूस पाणी देतो तेव्हा सावध राहावं.

"खळगा आहे, मान्य. पण सगळ्या काचेची सरासरी मापात बसते ना? काच पास म्हणून सही करा. आणि खरं सांगू, तुमच्या वडिलांचा हात कायमचा तिथे राहील. ताऱ्यांचा उजेड पडेल त्यावर. याहून मोठं स्मारक कोणतं?"

हरामखोरपणाला इतकं गोड बोलता येतं हे तिला माहीत नव्हतं. आणि वाईट हे की ते तिला खरंच हवं होतं. तो हात राहावा असं तिला वाटत होतं. कागदावरही ती तो बोटाने चाचपून आली होती.

"आणि सही नाही केली तर?"

"खळगा भरता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. सगळी काच त्याच्या पातळीला उतरवावी लागेल. दोन महिने. वडिलांचा हात तुम्हीच पुसाल. शिवाय दोष कशाने पडला तेही लिहावं लागेल. काकांचं नाव येईल. बघा बुवा, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

सही केली तर हात राहणार, आणि भिंतीवरचं खोटंही. नाही केली तर दोन्ही जाणार.

नानांनी वाईट काच कधी पुढे जाऊ दिली नव्हती. तिने पेन उघडलं आणि दोषाच्या रकान्यात लिहिलं: 'मृत कामगाराचा हात उचलल्यावर दहा मिनिटांच्या आत, वरून हुकूम आल्याने, गरम काचेवर यंत्र चालवले.' खाली वेळ, तारीख, हुकूम देणाऱ्याचा हुद्दा.

वरच्यांनी काय केलं? साहेबांची बदली केली, याहून बऱ्या जागी. तुम्हाला काय वाटलं होतं? चौकट तेवढी उतरली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला.

चौकट उतरली त्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई बराच वेळ भांड्यावरचं झाकण नीट करत राहिली.

"किती थांबायचं होतं?"

"तासभर."

"एवढंच?" आई म्हणाली. पुन्हा तिने कुणाला काही सांगितलं नाही.

घासायला सुरुवात झाली. आठवड्यागणिक नकाशातला हात फिकट होत गेला. आधी तळवा गेला, मग अंगठा. अर्धं बोट शेवटपर्यंत तग धरून होतं.

शेवटच्या फेरीच्या सकाळी सगळे जागेवर आले. काच स्वच्छ, कालपासून झाकलेली. काकांनी बोट बटणावर नेलं आणि मागे घेतलं. मग स्टूल ओढून ते घड्याळासमोर बसले.

"काका, काय झालं?" चष्मेवाल्याने विचारलं. "कुणाचा हात लागला का?"

काकांनी काचेच्या त्या कडेकडे पाहिलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "तासभर थांबू."

मोजपट्टीने दुसरं स्टूल ओढलं.