दिनू मोरे डावरा होता

आमच्या दुकानात सगळ्यात म्हातारा दिनू मोरे. माणूस नोहे, लेथ मशीन होय. गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत मारोतीमामाचं लोखंडाच्या कातकामाचं, खरादचं दुकान हाय. राइस मिलचे शाफ्ट, पुल्या, बुश, सगळं आम्ही बनवतो. नववीत माहं मॅडमसंग भांडण झालं, मी दप्तर उचललं अन् निघून आली, ते परत गेलीच नाई. तवापासून दिनू मोरे माह्या हातात.

नाव मशीनवरच लिवलेलं हाय, पांढऱ्या रंगात. आज्यानं पेंटरकडून लिवून घेतलं होतं. मशीन त्यानं रेल्वेच्या लिलावात घेतलं. तिथले लोकं याले याच नावानं बोलवत. आजा सांगे, "दिनू मोरे म्हणून मिस्त्री होता. लय हुशार. आपल्या हातानं बनवलं त्यानं हे." दसऱ्याले पहिला नारळ दिनू मोरेच्या नावानं फुटते. मामा तर रोज सकाळी हात जोडते, "चला दिनूभाऊ," मंगच बटन दाबते. मी नाई जोडत. मले हासू येते.

या उन्हाळ्यात मामाले नवीन मशीन घ्याचं भूत चढलं. दुकानात जागा एकाच मशीनची. इंद्रजीत भैया भंगारवाला सारखा चकरा मारून राहिला होता, पण मामा दरवेळी मान हालवे. "नाई बापा. दिनूभाऊ आपला माणूस होय. घरच्या माणसाले भंगारात देते का कोणी?"

एक दिवस काम नव्हतं. माहे हात रिकामे राहिले का डोकं गरम होते. म्हणून थिनर अन् तारेचा ब्रश घेतला अन् नाव सोडून दिनू मोरेचा जुना हिरवा रंग घासाले लागली. थरावर थर. नावाच्या खाली लोखंडातूनच उठलेले मोठे अक्षरं निघाले. इंग्रजी. डी, यू, एन, एम, ओ, आर, ई. त्याच्या खाली, स्कॉटलंड.

"मामा!" मी बोंबलली. "दिनू मोरे कोणी नोहेच! डनमोर होय! कंपनी होय कंपनी!"

मामा आला. चष्मा वर केला, खाली केला. अक्षरावरून बोट फिरवलं.

"म्हंजे माणूसच नाई?"

"नाई."

"मंग मी इतके वर्सं हात कोणाले जोडून राहिलो?"

मले हासू आलं. पण मामानं फोन काढला अन् इंद्रजीतले म्हटलं, "कल गॅस कटर लेके आ जा."

माहं हासणं तिथंच बसलं.

"काहून? काहून देता?"

"आपला माणूस म्हणून ठेवला होता. कंपनीचं काय? कंपनी तर टायरची बी असते."

मी ब्रश असा फेकला का टिनाचं दार वाजलं. बाजूचा चप्पलवाला बाहेर येऊन पाहाले लागला. "क्या देख रहा है?" मी त्याच्यावरच खेकसली अन् पायरीवर मोबाइल घेऊन बसली.

शोधलं. डनमोरात आधी काम करणाऱ्या म्हाताऱ्यांनी एक पान बनवलं होतं. मोबाइलनं ते अर्धंमुर्धं हिंदीत करून दिलं. दोन भाऊ होते, लोहार. नदीच्या काठी शेड टाकली अन् जहाजाचे पार्ट बनवाले लागले. चांगलं लेथ कोणाजवळच नाई म्हणून सोताच लेथ बनवलं. मंग त्याचेच गिऱ्हाईक वाढले, जहाजवाले, रेल्वेवाले. डनमोरचं मशीन दुनियाभर गेलं. लढाईत माणसं गेले तं पोट्ट्या उभ्या राहिल्या मशीनवर. फोटो होता. डोक्याले रुमाल बांधलेली एक पोट्टी, बाह्या वर, कॅमेऱ्याकडे अशी पाहून राहिली जशी म्हणते का लवकर कर, काम पडलं हाय. तिच्या समोर जे मशीन होतं ते आमचंच. तोच वाकडा हँडल, तेच चाक.

पुढं कंपनी बंद पडली. शेवटच्या दिवशी सगळ्यायनं हातोडे घेऊन लोखंड वाजवलं, गेट बंद होयेपर्यंत. आता तिथं घरं हायेत.

 मंग खाली एका म्हाताऱ्यानं लिवलेलं वाचलं का मशीनचा बेड, म्हंजे खालचा लांब पाट, हातानं छिन्नीसारखा स्क्रेपर मारून सपाट करत, अन् खुणा पाहूनच आम्ही सांगत, हा कोणाचा हात होय.

मी ताडकन उठली.

सकाळी इंद्रजीत आला, सिलेंडर घेऊन. "चल रे दिनू मोरे, तेरा टाइम आ गया."

मी मशीनसमोर उभी.

"पायल, सरक."

"मामा, आधी इथं पाहा. मंग काप म्हणाल तं मीच कापीन."

काम पकडणाऱ्या चकाच्या खाली, जिथं टूलवाला गाडा कधी पोचतच नाई, तिथली चिकट घाण मी थिनरनं काढून ठेवली होती. लोखंडावर स्क्रेपरच्या खुणा, लहान लहान चंद्र. एकाला लागून एक, सगळे एकाच बाजूले झुकलेले. जसे काल मारले.

मामा वाकला. मामा सोता बेरिंगले स्क्रेपर मारते, डाव्या हातानं. त्याच्या खुणा उलट्या झुकतात म्हणून आजा लय शिव्या दे. मामानं ओठ दाबले. मंग आपला स्क्रेपर आणला, पडलेल्या बिडाच्या तुकड्यावर डाव्या हातानं दोन-चार वेळा मारला, अन् तुकडा नेऊन बेडजवळ धरला.

झुकाव एकच.

"अबे," मामा हळूच बोलला, "हा तं डावरा होता."

"कौन?" इंद्रजीतनं विचारलं.

"दिनू. और कौन?"

"मामा, त्याचं खरं नाव कोणालेच माहीत नाई."

"काहून नाई माहीत? लिवलेलं हाय ना वर!" मामा भडकला. मंग पुन्हा वाकून चंद्र पाहाले लागला. "पाहा ना पोट्टे, एक बी घाव खोल नाई गेला. इतक्या लांब बेडावर. बाप रे, काय हात होता!"

"तो क्या करूं, भैया?" इंद्रजीत सिलेंडर धरून उभाच.

"हव, तू चाय पी अन् जा. नवीन मशीनले मागं छपरी टाकू."

इंद्रजीतनं माह्याकडे डोळे वटारले. मी बी वटारले.

मामानं मशीनले हात जोडले, पण बटन दाबलं नाई. बाजूले सरकला.

"तू दाब आज."

मी हात पुढं केला, मंग थांबली. रुमालवाली पोट्टी आठवली. दोन्ही हात पुसले अन् जोडले.

"चला दिनूभाऊ," मी म्हटलं.